२४-सी चं किचन आणि विमानातला फोन

(सोसायटी ग्रुप, रविवार संध्याकाळ)

कुलकर्णी काकू, बी-५०३: मंडळी, काल रात्री मस्कतहून परत आले. लेक-जावई मजेत. एक विचारायचंय. विमानात फोनवर बोलू देतात का हो हल्ली? माझ्या मागे २४-सी वर बसलेले गृहस्थ विमान वर गेल्या गेल्या चक्क फोन लावून बसले. नेरूळला त्यांच्या किचनचं काम चाललंय. सुताराशी बोलणं. बिजागऱ्या सॉफ्ट क्लोजच हव्यात, लॅमिनेट मॅट पांढरं, चिमणी डावीकडे घे, मिक्सरचा पॉइंट दोन इंच वर. उतरेपर्यंत मला त्यांचं किचन तोंडपाठ. ओट्याखाली सिलिंडरची जागाच सोडली नाहीये, तेवढं सांगायचं राहिलं माझं.

निखिल, ए-७०४: काकू 😂😂 हो, परदेशी बऱ्याच कंपन्यांत चालतं. एमिरेट्सने मार्च २००८ मध्येच सुरू केलं होतं, दुबई-कॅसाब्लांका विमानात. आपल्याकडून जाताना पॅक मारून जायचं. जिओने २०२० मध्ये काढले तेव्हा ४९९ पासून होते. १०० मिनिटं आउटगोइंग, इनकमिंग बंद.

कुलकर्णी काकू, बी-५०३: शंभर मिनिटं! मग माझं नशीब चांगलं. बाथरूमच्या टाइल्सपण झाल्या असत्या.

पाटील, सेक्रेटरी: 🙏 ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या सकाळी ७ ते ९ पाणी येणार नाही. टँकर सांगितला आहे.

साठे काका, ए-२०१: पाटील, टँकर आला की टँकरवर बोलू. मी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली म्हणून दोन शब्द. फोन चालू राहिला की विमान पडतं असं नाही. अमेरिकेत १९९१ साली बंदी आली ती तिथल्या दूरसंचार आयोगाने आणली, आणि काळजी होती जमिनीवरच्या नेटवर्कची. खाली आपल्या फोनला दोन-चार टॉवर दिसतात. वरून एकदम ढीगभर दिसतात, आणि ताशी आठशे किलोमीटरने मागे पळत असतात. फोनने कोणाला धरायचं? म्हणून आता विमानातच एक छोटा टॉवर बसवतात. तो हाताशी असल्याने फोन अगदी कमी ताकदीवर चालतो, आणि पुढचं काम उपग्रह करतो.

डॉ. शेख, सी-१०४: मग पायलट लोक का कटकट करतात, काका?

साठे काका, ए-२०१: जुना मोबाइल रेडिओजवळ ठेवला की टर्र टर्र वाजायचा, आठवतं? तेच त्यांच्या कानातल्या हेडफोनमध्ये वाजतं. विमान उतरवताना खालून सूचना ऐकत असाल तर ते नकोच. शिवाय जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियाने अमेरिकेची काही विमानं रद्द केली होती ती ५जी मुळे. पण ते प्रवाशांच्या फोनमुळे नव्हे हां. तिथले जमिनीवरचे नवे टॉवर, आणि विमानाची उंची मोजणारं यंत्र, दोघांच्या लहरी शेजारी शेजारी. लोक दोन्हीची खिचडी करतात.

निखिल, ए-७०४: आणि आपल्याकडे?

साठे काका, ए-२०१: आपल्याकडे डिसेंबर २०१८ मध्येच नियम झालेत. विमान ३००० मीटरच्या वर गेलं की मोबाइल सेवा देता येते. वायफायची वाट २०२० मध्ये मोकळी झाली. म्हणजे कायद्याने दार उघडंच आहे. माझं मत विचाराल तर उघडं असलं म्हणून आत शिरलंच पाहिजे असं नाही. सार्वजनिक ठिकाणी मोठ्याने बोलणं हा संस्काराचा प्रश्न आहे.

निखिल, ए-७०४: +१. एअर इंडियाने १ जानेवारी २०२५ ला देशातल्या विमानांत वायफाय जाहीर केलं, ए३५० आणि ७८७-९ ह्या मॉडेलच्या विमानांत, शिवाय काही ए३२१ निओमध्ये. मेल, मेसेज सगळं होतं त्यावर. पुणे-दिल्ली हे माझ्या आठवड्यातले एकमेव दोन तास आहेत ज्यात साहेबांचा फोन येत नाही. हात जोडतो, ते घालवू नका.

गायकवाड वहिनी, सी-२०२: तुम्ही सगळे लिहून मोकळे होता. माझी आई आटपाडीकडे एकटी राहते. तिला वाचता येत नाही. तिला आवाजच लागतो. मागच्या वर्षी ह्यांच्या पोस्टिंगवर गुवाहाटीला चालले होते. दार लागलं, फोन बंद करायला लावले, आणि विमान लोहगावलाच तासभर उभं. उतरायच्या वेळेला आई शेजारणीकडून फोन लावतेय आणि लागत नाहीये. फोन लागत नाही म्हणजे विमान पडलं, तिचा हिशोब सोपा. खरसुंडीच्या सिद्धनाथाला पाच नारळ बोलून बसली. फोडायला मलाच जावं लागलं.

कुलकर्णी काकू, बी-५०३: अगं वहिनी, तू आईशी दोन मिनिटं बोललीस तर कोण कशाला काही म्हणेल? मला त्रास किचनचा झाला.

निखिल, ए-७०४: पण काकू, नियम कसा लिहिणार? आईला हो, सुताराला नाही?

मानसी, बी-३०२: मी बारा वर्षं केबिन क्रू होते, तेव्हा माझं ऐका. एसटीत कंडक्टर घंटी मारून उतरवू शकतो. ३५ हजार फुटांवर मी कुणाला उतरवू? पुढच्याने खुर्ची मागे घेतली एवढ्यावरून झालेली भांडणं सोडवली आहेत मी, एकदा तर इडलीचं सांबार अंगावर घेऊन. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, २०१७ च्या नियमांत त्रासदायक प्रवाशांच्या तीन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीला, म्हणजे तोंडाने त्रास दिला तर, तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी. आता २४-सी ला कुठे बसवू? शिवी देत नाही, हात उगारत नाही, बिजागरी मागतोय बिचारा.

मानसी, बी-३०२: अमेरिकेत २०१३ मध्ये फोनबंदी उठवायचा प्रस्ताव आला तेव्हा क्रूच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या त्या ह्याचसाठी. नोव्हेंबर २०२० मध्ये तो गुंडाळला. तेव्हाचे आयोगाचे अध्यक्ष अजित पै आधीच म्हणाले होते की ३० हजार फुटांवर घटकाभर शांतता मिळते ती मलाही हवी आहे.

साठे काका, ए-२०१: त्यात एक गंमत आहे. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असला तर बोलणं पोचायला पाव सेकंद आणि उत्तर यायला पाव सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात आपला माणूस 'हॅलो, ऐकू येतंय ना, हॅलो' सुरू करतो. मग दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम थांबतात. इंजिनचा आवाज असतोच. आवाज चढणारच.

कुलकर्णी काकू, बी-५०३: अगदी अस्संच! 'पांढरं' हा शब्द मी नऊ वेळा ऐकला.

डॉ. शेख, सी-१०४: मी हॉस्पिटलचं सांगतो. सगळ्यांना वाटतं डॉक्टरला वर फोन हवाच. मला उलट मेसेज आवडतो. डोस लिहून दिला की लिहिलेला राहतो. आवाज तुटत असताना 'पंधरा' की 'पन्नास', ही भानगड मला नको.

जोगळेकर, बी-२०१: हा मेसेज डिलीट केला आहे

निखिल, ए-७०४: जोगळेकर काका, वाचला मी 😄

मानसी, बी-३०२: जपानमध्ये शिंकान्सेनला फोन आला की डब्याच्या दाराजवळच्या मोकळ्या जागेत जाऊन बोलायची पद्धत आहे. विमानात तशी जागा म्हणजे टॉयलेटची रांग. आपल्या रेल्वेनेही जानेवारी २०२२ मध्ये सांगितलंय की रात्री फोनवर मोठ्याने बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत. पाळतात किती ते आपण सगळे स्लीपरला बघतोच.

जोगळेकर, बी-२०१: ठीक आहे, परत लिहितो. साठे, तुम्ही शांततेच्या बाजूचे आहात हे वाचून आनंद झाला. रोज सकाळी सव्वासहाला तुमच्या गॅलरीतून बडोद्याला फोन लागतो. तुमची एफडी १४ तारखेला मॅच्युअर होते आहे आणि व्याजावरून भावाशी वाद आहे, हे आख्ख्या बी विंगला माहीत आहे.

मानसी, बी-३०२: 🙈

साठे काका, ए-२०१: घरात रेंज येत नाही.

निखिल, ए-७०४: चौतीस वर्षं टेलिफोनमध्ये आणि घरात रेंज नाही 😂 काका, उद्या संध्याकाळी येतो, वायफाय कॉलिंग चालू करून देतो. आत बसून बोला, पंख्याखाली.

साठे काका, ए-२०१: ये. चहा घेऊ. जोगळेकर, व्याजाचं मिटलं आहे, तेवढं बी विंगला कळवा.

गायकवाड वहिनी, सी-२०२: तुमचं हसणं झालं असेल तर, मी परवा पहाटे पुन्हा गुवाहाटीला निघतेय. दिल्लीला विमान बदलायचं आहे. आईला आत्ताच सांगितलं, तर लगेच म्हणाली, नारळ आणून ठेवते.

कुलकर्णी काकू, बी-५०३: अगं मग मला दे ना आईचा नंबर. मला सकाळी काय काम असतं? तू वर असलीस की मी लावते फोन. विमान कुठे पोचलं ते निखिलच्या त्या ॲपवर दिसतं, ते बघून तिला सांगत राहीन. आता नागपूरवर आलं, आता दिल्ली.

निखिल, ए-७०४: काकू, पुणे-दिल्ली नागपूरवरून नाही जात.

कुलकर्णी काकू, बी-५०३: मग जिथून जातं तिथलं सांगीन. तिला काय, आवाज लागतो ना.

पाटील, सेक्रेटरी: नंबर ग्रुपवर टाकू नका. वेगळा पाठवा. वहिनी, पहाटे किती वाजता निघणार? वॉचमनला गेट उघडायला सांगतो. कॅबवाल्याला म्हणावं फोन कर, हॉर्न नको.

गायकवाड वहिनी, सी-२०२: सव्वातीन. काकू, पाठवला बघा नंबर. पण आई एकदा बोलायला लागली की थांबत नाही हं. एवढा वेळ काय बोलणार तिच्याशी?

कुलकर्णी काकू, बी-५०३: तिला विचार, किचनचं काम काढायचंय का. माझ्याकडे सगळी मापं आहेत.