आवड कळायला वेळ कुठे मिळतो?
एमबीबीएसनंतर कुठली शाखा निवडायची या चर्चेत कुणीतरी म्हटलं, ‘हुशार मुलं रेडिओलॉजी आणि स्किन (त्वचारोग) केवळ पैशासाठी घेतात’. हे मत मला अर्धंच पटलं. पैसा आहेच, पण वर्षांचा हिशेब त्याहून मोठा. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग एमडी या पदव्युत्तर पदवीची 3. रेडिओलॉजिस्ट तिथेच कामाला लागू शकतो. हृदयरोगतज्ज्ञ व्हायचं तर मेडिसिनच्या एमडीनंतर नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन डीएम या त्यापुढच्या पदवीची आणखी 3 वर्षं. घरी शिक्षणाचं कर्ज असेल तर हा फरक फार बोचतो.

पण इंटर्नशिपचा, म्हणजे एमबीबीएसच्या शेवटी रुग्णालयात काम करायच्या वर्षाचा, विषय या चर्चेत कुणीच काढला नाही. कुठली शाखा आपल्याला मानवते हे कळायची खरी संधी त्याच वर्षात असते आणि नेमकी तेव्हाच एमडीच्या प्रवेशाची परीक्षा, नीट-पीजी, डोक्यावर बसलेली असते. मी भूलतज्ज्ञ आहे. आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) इंटर्न भिंतीला टेकून मोबाइलवर परीक्षेचे एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) सोडवत उभे असतात. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? एकदा एकीला जवळ बोलावून रुग्णाची हनुवटी उचलून मास्क घट्ट कसा धरायचा ते दाखवलं. तिने मास्कला जोडलेली हवेची पिशवी दाबली, छाती वर आली, आणि मोबाइल खिशात गेला तो केस संपेपर्यंत बाहेर आला नाही. पुढे चॉइस फिलिंगमध्ये, म्हणजे प्रवेशासाठी शाखांचा पसंतीक्रम भरताना, तिने भूलशास्त्र सगळ्यात वर टाकलं. बाकीचे बरेच जण मागच्या वर्षीचे कटऑफ बघूनच यादी भरतात. प्रत्येक विभागाने इंटर्नला कागदपत्रं आणि रक्ताचे नमुने पोचवण्यापलीकडे रोज एक तरी खरं काम हातात द्यायला हवं.