जर्मनीत एमएसला जायचंय, सुरुवात कुठून करू?

सांगलीकर: मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या ऑक्टोबरचं विंटर सेमिस्टर धरायचंय. बाबा म्हणतात तिथे फीच नाही तर लोन कशाला काढतोस? काय सांगू त्यांना?

आखेनवाली_ताई: अरे फी नाही पण खर्च आहे ना! व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागतात, मग तिकडे गेल्यावर तेच पैसे महिन्याला ९९२ असे तुलाच परत मिळतात. लोन बहुतेक त्यासाठीच काढतात, बाबांना हे नीट समजावून सांग. आणि आधी एपीएस सर्टिफिकेटच्या, म्हणजे आपल्या डिग्रीची कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्याच्या मागे लाग, त्याशिवाय व्हिसाचं पुढे काही होत नाही.

बंड्या_७७: सगळीकडे फुकट नाही हां. श्टुटगार्ट, कार्ल्सरुहं म्हणजे बाडन-व्युर्टेम्बर्ग राज्य, तिथे आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या टीयूनेही (टेक्निकल युनिव्हर्सिटी) २०२४ पासून फी लावलीय.

सांगलीकर: पार्टटाइम करून भागेल का?

आखेनवाली_ताई: वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरला त्याच्या भरवशावर राहू नकोस बाबा, भाषा येत नसेल तर काम मिळता मिळत नाही. बी१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत जर्मन इथूनच करून जा.