फॅक्ट्स लाखांत गेल्यावर ड्रूल्स का रेंगाळते
फॅक्ट्सची (तपासायला दिलेल्या माहितीच्या नोंदींची) संख्या लाखांत गेली की ड्रूल्स हे नियम चालवणारे सॉफ्टवेअर इंजिन रेंगाळते, म्हणून सर्व्हरची मेमरी वाढवावी, असा एक सल्ला दिला जातो. माझ्या मते मात्र आधी नियमांतील जोडण्या, म्हणजे दोन प्रकारच्या फॅक्ट्सना एकमेकांशी बांधणाऱ्या अटी, तपासायला हव्यात. चार्ल्स फॉर्गी यांनी 1979 च्या प्रबंधात मांडलेला आणि ड्रूल्सचा पाया असलेला रेटे अल्गोरिदम (नियम व फॅक्ट्स जुळवण्याची पद्धत) अर्धवट जुळलेल्या जोड्या मेमरीत साठवूनच वेग मिळवतो, आणि त्यामुळे 10,000 ग्राहक व 10,000 ऑर्डर यांना एकमेकांशी बांधणारी अट लिहायची राहून गेली, तर एकट्या त्या नियमापोटी 10 कोटी जोड्या तयार होतात. एवढ्या पसाऱ्याला वाढीव मेमरी किती पुरणार?

ऑर्डरमधील ग्राहक क्रमांक आणि ग्राहकाचा क्रमांक यांची थेट समानता नियमात लिहिली, तर इंजिन त्यावर हॅश इंडेक्स (क्रमांकावरून थेट नोंद गाठून देणारी सूची) बांधते आणि प्रत्येक ऑर्डरचा ग्राहक शोधाशोध न करता सापडतो. हीच तुलना ‘इव्हॅल’मध्ये, म्हणजे अट म्हणून हवा तो कोड लिहू देणाऱ्या सोयीत, कोंबली (हा मोह मलाही आवरलेला नाही), तर इंजिनाला आतले काही दिसत नाही व इंडेक्स हातचा जातो.

ड्रूल्स 6 मध्ये आलेला फ्रीक अल्गोरिदम जोड्या जुळवण्याचे काम गरज पडेपर्यंत लांबणीवर टाकतो खरा, पण नियमाची पाळी आली की तो गुणाकार चुकत नाही. ग्राहकांचे निर्णय एकमेकांवर अवलंबून नसतील, तर लाखभर फॅक्ट्स एकाच सेशनमध्ये (इंजिनाच्या एका फेरीत) ओतण्याऐवजी प्रत्येक ग्राहकासाठी छोटे स्टेटलेस, म्हणजे आधीचे काही लक्षात न ठेवणारे, सेशन चालवावे. ती सेशने अनेक थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांवर) विभागताही येतात.