बालवाडीचे पहिले दिवस: तुमच्या घरी काय काय झालं?

दप्तर केवढं घ्यावं, बूट कसले घ्यावेत, डब्यावर नाव कुठे लिहावं, हे सगळे सांगतात. मूल बालवाडीत जायला लागल्यावर घरात काय काय बदलतं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा काढतेय. सल्ले चालतील, पण आधी अनुभव लिहा. तुमचं मूल कसं वागलं, तुम्ही काय केलंत आणि कशाचा उपयोग झाला नाही, तेही.

माझ्यापासून सुरुवात करते. आमची लेक फाटकाशी रडलीच नाही. हात हलवून सरळ आत गेली. रडारड सुरू झाली ती घरी आल्यावर. मोज्याची शिवण टोचते म्हणून, पाण्याचा पेला निळा नाही म्हणून, दादाने नुसतं बघितलं म्हणून. शाळेत काही घडतंय का, अशी शंका आली. बाईंशी बोलले, तर तिथे ती रमलेली. मग हळूहळू उलगडा झाला. रांगेत थांबायचं, हवं ते खेळणं दुसऱ्याच्या हातात असलं तरी वाट पाहायची, नव्या माणसांचं ऐकायचं. तिथे ती सारा वेळ स्वतःला सावरून असते. ते सगळं आपल्या माणसांसमोर बाहेर पडतं. आता घरी आल्यावर तासभर तरी मी तिला काही विचारत नाही, कुठे नेत नाही. काहीतरी खायला देते आणि शेजारी बसते. रडणं अजून आहे, पण ते कशाचं आहे हे कळल्यापासून मला त्याची धास्ती वाटत नाही.

एका मुलाचा बाबा

आमचा फाटकापाशीच गळ्यात मिठी मारून बसायचा. "त्याचं लक्ष नसताना हळूच सटका," असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मला ते अजिबात पटलं नाही. मागे वळून बघावं तर बाबा नाही, असं एकदा झालं की दुसऱ्या दिवशी ते मूल तुमच्यावरची नजर हटवेल का? मी रोज सांगूनच निघायचो. घड्याळ त्याला कळत नाही, म्हणून बाईंना दिवसाचा क्रम विचारून घेतला: आधी खेळ, मग गाणी, मग डबा, मग गोष्ट. "गोष्ट संपली की मी दारात," एवढं एकच वाक्य बोलायचो आणि ती वेळ कधी चुकवली नाही. रडला, बरेच दिवस रडला. पण पुढे रडता रडता तोच विचारू लागला, "गोष्ट संपली की ना?" तिथून फरक पडत गेला.

बालवाडीत शिकवणारी, आणि स्वतः आई

वरच्या बाबांचं शंभर टक्के बरोबर. फक्त आतून दिसणारी एक गोष्ट सांगते. निरोप घेतलात की निघा. बहुतेक मुलं आई-बाबा दिसेनासे झाल्यावर थोड्याच वेळात खेळाकडे वळतात. खिडकीत ओळखीचा चेहरा दिसला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. अगदीच शांत होत नसेल तर आम्ही फोन करतोच, तेवढा विश्वास ठेवा. (हे सगळं माहीत असूनही माझ्या मुलाच्या वेळी माझे पाय फाटकातून निघत नव्हते.)

दुसरं, "अक्षरं कधी काढणार?" हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारू नका. हाताची बोटं आणि मनगट अजून तयार होत असतं. माती मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं ही लिहिण्याचीच तयारी आहे. शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० मध्ये जर्मनीत आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, तेव्हा तिथल्या मुलांच्या हातातही चेंडू आणि लाकडी ठोकळेच होते.

आजोबा

नातवाला आणायला मी जातो. "आज काय केलं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: काही नाही. विचारणं सोडून दिलं. रात्री अंथरुणात पडल्यावर तो आपणहून सगळं सांगतो.

अबोल मुलीची आई

घरी अखंड बडबड, शाळेत चकार शब्द नाही. नातेवाईक घाबरवायला लागले. समुपदेशकांनी सांगितलं की शाळेच्या पहिल्या महिन्यातल्या गप्प राहण्यावरून निदान करत नाहीत. ते त्यानंतरही टिकलं आणि त्यामुळे तिचं अडू लागलं, तर मात्र दाखवायला या. तिच्या बाईंनी फार समजून घेतलं. "बोल ना गं" असं एकदाही म्हटलं नाही. रंगपेटी वाटायचं काम दिलं. ती पहिल्यांदा बोलली ती बाईंशी नव्हे, शेजारच्या मुलाशी, लाल खडू कुणाला द्यायचा त्यावरून.

आमची खरी अडचण वेगळीच होती, आणि ती कुणाच्या यादीत नसते: शू. पोरगी घरी येईपर्यंत दाबून धरायची. फ्लशच्या आवाजाला घाबरायची, आणि सांगायला तोंड उघडायचं नाही. शाळा सुटल्यावर बाईंना विचारून मी तिच्याबरोबर आत गेले. तिलाच फ्लश ओढू दिला, पुन्हा पुन्हा. बटणाच्या पँट बंद करून इलॅस्टिकच्या घातल्या. बोलायचं नसेल तर हात वर करायचा, अशी खूण बाईंशी ठरवली. या तीन गोष्टींनी सुटलं.

बालरोगतज्ज्ञ, दोन मुलांची आई

पहिल्या वर्षी मूल सारखं आजारी पडतं म्हणून पालक हवालदिल होतात. या वयात वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, आणि नव्याने इतर मुलांमध्ये मिसळू लागलेल्यांना त्याहून जास्तही होते. माझी दोन्ही मुलं पहिलं वर्षभर शेंबडीच होती. साध्या सर्दीला घरी ठेवायची गरज नाही. ताप, उलट्या किंवा जुलाब असतील तर मात्र पाठवू नका. ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला असू द्या. शाळेतून आल्यावर आधी साबणाने हात धुवायचे, मग बाकीचं.

धागाकर्ती पुन्हा

शूचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आमचीही घरात पाय ठेवला की धावतच बाथरूम गाठते, आणि मी ते घाई समजत होते. उद्या बाईंशी बोलते. डॉक्टर, एक विचारू का? शाळा सुरू झाल्यापासून तिने दुपारची झोप सोडली आहे. चालेल ना?

बालरोगतज्ज्ञ, दोन मुलांची आई

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते. दुपारी झोपत नसेल तर रात्री लवकर झोपवा. तुमचा तो संध्याकाळचा निळ्या पेल्याचा गोंधळ त्यानेही थोडा कमी होईल.