लेस्टरहून येणाऱ्या ब्लू-रे डिस्क आणि नाशिकचा टीव्ही: प्लेअर कुठला घ्यावा?

निवांत_नाशिककर

नमस्कार मंडळी. आमचे मेहुणे इंग्लंडातल्या लेस्टरचं बिऱ्हाड आवरून कायमचे परत येतायत. आवराआवरीत एक खोकंभर ब्लू-रे डिस्क (डीव्हीडीची पुढची पिढी) त्यांनी माझ्या नावावर केल्यात. व्हिडिओ कॉलवर पाहिल्या. बऱ्याचशा निळ्या डब्यांत, थोड्या काळ्या. जंगल-समुद्राचे माहितीपट जास्त, बाकी जुने इंग्रजी सिनेमे.

माझ्याकडे ४३ इंची ४के टीव्ही आहे, स्वस्तातला. जुना ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफरवाला) अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याला एचडीएमआय नाही, पण आवाज अजून खणखणीत. शिवाय वडिलांच्या नाटकांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी आहेत, त्यांना हात लावायची कुणाची टाप नाही.

इथल्या दुकानात ब्लू-रे प्लेअर विचारला तर पोरगा म्हणाला, "काका, ते आता येत नाही, स्टिक देऊ का?" ऑनलाइन जे दिसतं त्याच्या किमती वाचून घाम फुटला. मेहुणे पुढच्या महिन्यात निघतायत. काय करावं?

खडूस_कोथरूडकर

पोरगा बरोबर बोलला. ओटीटीच्या जमान्यात खोकी कशाला सांभाळता? रद्दीवालाही घेत नाही डिस्क.

लायब्ररीवाला

नाशिककर, दुकानात जाऊ नका आणि ऑनलाइनही बघू नका. मेहुण्यांना आजच फोन करा आणि प्लेअर तिकडूनच आणायला सांगा. कारण सांगतो.

डोंबिवलीत माझी सीडी लायब्ररी होती. कॅसेटपासून ब्लू-रेपर्यंत सगळं भाड्याने दिलं, त्यामुळे या बाबतीत माझी जीभ जरा जास्त चालते, सांभाळून घ्या. गिऱ्हाईक नेहमी आधी प्लेअर विचारतं. आधी डिस्क बघायची असते. ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग, म्हणजे 'रीजन', पाडलेत. अमेरिका आणि जपान 'ए', युरोप आणि ऑस्ट्रेलिया 'बी', आणि आपण, चीन, रशिया 'सी'. डब्याच्या मागे खालच्या बाजूला षटकोनी खूण असते, तिच्यात हे अक्षर छापलेलं असतं. तुमच्या निळ्या डब्यांपैकी ज्यांच्यावर नुसतं 'बी' आहे, त्या भारतात विकलेल्या प्लेअरमध्ये घातल्या की पडद्यावर फक्त नकाराची पाटी येणार. ए-बी-सी तिन्ही अक्षरं असतील तर कुठेही चालतात, काही मोठे स्टुडिओ तशाच काढतात. डीव्हीडीच्या वेळी रिमोटवर आकडे दाबून कुलूप उघडायची युक्ती बऱ्याच प्लेअरना चालायची. ब्लू-रेचं कुलूप सहसा तसं उघडत नाही.

काळे डबे म्हणजे बहुधा ४के ब्लू-रे, म्हणजेच युएचडी (अल्ट्रा एचडी). त्यांना रीजनचं बंधनच नाही. पण त्याच डब्यात सोबत साधी ब्लू-रे दिलेली असेल, तर तिला असू शकतं.

इंग्लंडातला प्लेअर आणला की 'बी'चा प्रश्न मिटला. वीजही तिकडे आपल्यासारखी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतून आणला असता तर मागची पट्टी वाचून घ्या म्हटलं असतं, काही प्लेअर तिथल्या १२० व्होल्टपुरतेच असतात. फरक फक्त पिनचा. कुठल्या प्लेअरला आठच्या आकड्यासारख्या तोंडाची वायर असते, कुठल्याला अ‍ॅडॅप्टर. आपल्याकडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तोडगा निघतो.

आणि हो, भारतात विकलेल्या बऱ्याच डीव्हीडींवर 'ऑल' किंवा शून्य लिहिलेलं असतं. वडिलांच्या डीव्हीडी तपासा, तशा असतील तर त्या प्लेअरवर सुखाने चालतील.

मंजिरी_एम

माझ्या मुलाकडे पीएस५ (प्लेस्टेशन, गेम खेळायचं यंत्र) आहे, डिस्कवालं. त्यावर ४के डिस्क मस्त चालतात. वेगळा प्लेअर हवाच का?

लायब्ररीवाला

मंजिरीताई, घरात आहे तर वापराच. पण नाशिककरांसाठी नाही. इथे घेतलेलं पीएस५ 'सी'चं, म्हणजे निळे डबे पुन्हा अडकले. शिवाय त्यात गाण्यांची साधी सीडी लागत नाही, आणि तुमच्याकडे भीमसेनांच्या सीडी असतील तर तो मोठाच तोटा.

खडूसराव, तुमचंही ऐकलं. ओटीटीवर ४के साधारण १५ ते २५ एमबीपीएसने (सेकंदाला इतके मेगाबिट) येतं. साध्या ब्लू-रेवर नुसत्या चित्राला ४० पर्यंत मुभा आहे, ४के डिस्कवर तर एकूण शंभराच्याही वर. चांगल्या उजेडातला प्रसंग असेल तर तुम्हाला फरक कळणारही नाही, खोटं कशाला बोलू. पण धुकं, पाऊस, पाण्याखालचा निळा रंग, अंधारातली भिंत बघा. ओटीटीवर तिथे रंगाचे पट्टे पडतात. यांच्या खोक्यात नेमके समुद्रच आहेत.

निवांत_नाशिककर

मेहुण्यांशी बोललो. ते म्हणाले, षटकोनात जवळजवळ सगळीकडे 'बी'च. तिकडून आणायचं नक्की. पण ४के घेऊ की साधा ब्लू-रे? आणि कंपन्या बंद होतायत असं वाचलं, ते काय? माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं पण सांगा.

लायब्ररीवाला

बंद होतायत हे खरं. ओप्पोने २०१८ मध्ये हात वर केले, सॅमसंगने २०१९ मध्ये, एलजीने २०२४ मध्ये. सोनी आणि पॅनासोनिक टिकून आहेत. २०२५ च्या सुरुवातीला "सोनीने ब्लू-रे बंद केलं" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर बोंब झाली होती. ते कोऱ्या, रेकॉर्ड करायच्या डिस्कबद्दल होतं. सिनेमांच्या डिस्कशी त्याचा संबंध नाही.

४३ इंचावर दहा फुटांवरून बघणार असाल तर ४केचा जास्तीचा बारकावा डोळ्यांना जाणवत नाही. स्वस्त टीव्हीवर एचडीआरही (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणं) नावापुरतंच असतं. तरी काळे डबे आहेत आणि साध्या प्लेअरमध्ये ते लागतच नाहीत, तेव्हा ४केच घ्या. वापरलेला मिळाला तरी चालेल, फक्त मेहुण्यांनी समोर एक काळा आणि एक निळा डबा लावून, अर्धा-पाऊण तास चालवून बघावा. काही यंत्रं सुरुवातीला गोड वागतात आणि डिस्कमधल्या माहितीच्या दुसऱ्या थरावर गेलं की अडखळतात.

अ‍ॅम्प्लिफायरसाठी प्लेअरच्या पाठीवर बघायचं. चौकोनी ऑप्टिकलचं भोक किंवा कोअ‍ॅक्सियलची गोल पिन, जे तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला आहे तेच तिकडे हवं. काही स्वस्त प्लेअरना नुसतं एचडीएमआय असतं, ते नको. या वायरीतून डॉल्बी ट्रूएचडीसारखा पूर्ण आवाज जात नाही, साधं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस जातं. वाईट वाटून घेऊ नका. चांगल्या स्पीकरवर तेसुद्धा टीव्हीच्या पोटातल्या आवाजापेक्षा कितीतरी सरस.

जोडून झालं की मेनूत शिरा. डिजिटल आऊटपुट 'बिटस्ट्रीम', म्हणजे आवाज न उलगडता तसाच अ‍ॅम्प्लिफायरला जातो. 'बीडी ऑडिओ मिक्स' किंवा 'सेकंडरी ऑडिओ' असं काही दिसलं तर ते बंद. ते चालू असलं की मेनूची टिकटिक आणि दिग्दर्शकाची बडबड मूळ आवाजात कालवायला प्लेअर सगळा आवाज स्वतः उलगडून नव्याने बांधतो. २४ फ्रेमचं (सिनेमाचा मूळ वेग) आऊटपुट 'ऑटो'. मग टीव्हीच्या मेनूत जाऊन ते मोशन-बिशन जे काय नाव असेल ते बंद करा, नाहीतर लाखोंचा सिनेमा दुपारच्या सिरियलीसारखा दिसतो. काही टीव्हींत ज्या एचडीएमआयला प्लेअर लावलाय त्याच पोर्टचं 'एन्हान्स्ड' वेगळं चालू करावं लागतं. ते न करता लोक प्लेअरला शिव्या घालतात.

पहिल्याच दिवशी इंटरनेट जोडून अपडेट मारून घ्या. नवीन डिस्कच्या कॉपी रोखणाऱ्या कुलपाच्या चाव्या बदलत असतात, जुना प्लेअर त्यांना ओळखत नाही.

मंजिरी_एम

आम्ही रत्नागिरीत. पावसाळ्यात डिस्कवर बुरशी धरते. पूर्वी बाबा डीव्हीडीला टूथपेस्ट लावायचे, चालते का?

लायब्ररीवाला

ताई, ब्लू-रेला टूथपेस्ट चुकूनही लावू नका! डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटर खोल असतो, वरून घासलं तरी निभावतं. ब्लू-रेत तो जेमतेम ०.१ मिलिमीटरवर. म्हणूनच वर कडक लेप दिलेला असतो, आणि पेस्टने पहिला तोच जातो. चष्म्याचं मऊ फडकं पाण्यात किंचित ओलं करा, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल फिरवू नका. चरा गोलाईत गेला तर एकाच ओळीतली बरीच माहिती सलग जाते, आडवा गेला तर थोडी थोडी जाते आणि प्लेअर ती भरून काढतो. पावसाळ्यात डबे बंद डब्ब्यात, सोबत सिलिका जेल, आणि भिंतीला टेकवू नका.

निवांत_नाशिककर

खूप आभार, लायब्ररीवाले. शेवटचं विचारतो, वडिलांच्या व्हीसीडी?

लायब्ररीवाला

त्यासाठी ४के प्लेअरवर विसंबू नका, घरात जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर तोच ठेवा. नाहीतर डिस्क ड्राइव्हवाल्या कॉम्प्युटरमध्ये टाका. एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसेल, त्यात एव्हीएसईक्यू०१.डॅट अशी फाइल असते. ती कॉपी करून व्हीएलसीवर उघडा, नाटक सुरू होतं. मग पेनड्राइव्हवर घ्या. टीव्हीने डॅट नाकारली तर नावाचं शेपूट एमपीजी करून बघा. चित्र ३५२ बाय २८८, त्यामुळे ४३ इंचावर पुसट दिसणारच. खुर्ची मागे सरकवा.

खडूस_कोथरूडकर

माझ्याकडे पोटमाळ्यावर दोन पिशव्या व्हीसीडी पडल्यात. ड्राइव्ह कुठे मिळेल, बाहेरून लावायचा?

लायब्ररीवाला

यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह, ऑनलाइन सहज मिळतो. व्हीसीडीला तेवढा पुरे, ब्लू-रेचा महागडा घेऊ नका.