मॅथ्यू पॅरिसवर कितपत भरवसा ठेवायचा?

नौपाडाकर: मंडळी, सध्या मध्ययुगीन इंग्लंडवर वाचतोय, त्यात सेंट ऑल्बन्स मठातला मॅथ्यू पॅरिस हा तेराव्या शतकातला इतिहास लिहिणारा साधू भेटला. मठात राहून सगळ्या युरोपच्या बातम्या लिहायचा, त्या याला मिळायच्या कुठून?

ऐरोलीची वाचक: अहो मठ लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावर, त्यामुळे राजा, बिशप सगळे तिथेच उतरायचे आणि हा त्यांना खोदून खोदून विचारायचा. १२५७ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री आठवडाभर मठात होता तेव्हा हा त्याच्या पंगतीला बसलेला! त्याच राजाच्या करांवर मात्र सडकून टीका केलीय, मला तर हा माणूस जाम आवडतो.

वाशीकर: भरवसा जपूनच, पोप आणि परदेशी दरबारी यांच्यावरचा राग पानोपानी दिसतो. पण चित्रं बघा राव! फ्रान्सच्या नवव्या लुईने दिलेला हत्ती १२५५ ला लंडनच्या टॉवरमध्ये आला, तो याने काढलाय, शेजारी राखणदार उभा केलाय म्हणजे हत्तीचा आकार कळावा. आणि कुणी सरदार मेला की समासात त्याची ढाल उलटी काढायचा.

नौपाडाकर: भारीच! चित्रं कुठे बघायला मिळतील?

वाशीकर: केंब्रिजच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजने हस्तलिखितं ऑनलाइन ठेवलीत, फुकट आहेत, झूम करून बघा.