हळदीच्या कॅप्सूल: घरचं औषध की नुसतंच औषध?

वरदा_पुणे: आईचे गुडघे दुखतात म्हणून ती तीन महिने हळदीच्या कॅप्सूल घेत होती. रक्त पातळ ठेवायची गोळी आधीपासून चालू आहेच. गेल्या महिन्यात बांगडीच्या खाली हातभर निळे डाग उठले. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेता?" आई म्हणाली, "छे, काही नाही." हळद म्हणजे औषध, हे तिच्या डोक्यातच नव्हतं. मी डबी दाखवली, त्यांनी ती लगेच बंद करायला लावली. माझं मत स्पष्ट आहे : या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

हळकुंड_सांगली: आईंना आता बरं असेल अशी आशा. पण हळदीला बदनाम करू नका. आमच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली. विळीवर बोट कापलं की आजी आधी चिमूटभर हळद दाबायची. याच गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, ते डॉ. माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. आपलं ज्ञान खरं होतं म्हणूनच ना?

वरदा_पुणे: त्या लढ्याचा मलाही अभिमान आहे. पण पेटंट रद्द झालं ते हा उपयोग आपल्याकडे जुना आहे, हे कागदोपत्री दाखवता आलं म्हणून. गुण किती, कुणाला, किती मात्रेत, याचा निवाडा तिथे झालाच नाही. आणि हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा मुख्य गुणकारी घटक, असतं साधारण ३ ते ५ टक्के. आईच्या कॅप्सूलमध्ये ते ५०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे किमान १० ग्रॅम हळद! आमच्या तिघांच्या भाजी-आमटीला दिवसभरात एवढी लागत नाही. वर मिऱ्याचा अर्क. त्याने कर्क्युमिन कितीतरी पटींनी जास्त रक्तात उतरतं, आणि इतर औषधांचं प्रमाणही बदलू शकतं.

निर्मला_नाशिक: मला मात्र गुडघ्यांना फरक पडलाय. छोट्या चाचण्यांतही काहींना आराम पडल्याचं दिसलंय. सरसकट "नको" म्हणणं पटत नाही.

वरदा_पुणे: ताई, तुम्हाला पित्ताचे खडे नाहीत ना? त्यातही ही कॅप्सूल त्रास देऊ शकते. विचारून घेत असाल तर माझं काहीच म्हणणं नाही.

हळकुंड_सांगली: रात्रीचं हळदीचं दूध मी सोडणार नाही, आणि सोडायचं कारणही दिसत नाही. मिऱ्याच्या अर्काचं मात्र माहीत नव्हतं. वडिलांचीही रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यांच्या कपाटातली डबी आत्ताच काढून ठेवली, उद्या डॉक्टरांकडे घेऊन जातो.